गोळी बंद करून दोन वर्षं, आणि रिपोर्ट अजून कोराच! (सीएमएल)

मिरजेची_लेक | २२ सप्टेंबर, सायं. ६:१०

बीसीआर-एबीएल (या आजाराची रक्तातली खूण) ‘नॉट डिटेक्टेड’. दुपारी रिपोर्ट आला. नवऱ्याची इमॅटिनिबची गोळी डॉक्टरांनी बंद केली त्याला दोन वर्षं होत आली आणि आजार परत आलेला नाही. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, मी इथे लिहायला बसले.

नव्या मंडळींसाठी थोडं मागचं सांगते. २०१४ मध्ये नवऱ्याला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, निघाला. वय तेव्हा अडतीस. तक्रार म्हणावी अशी काही नव्हती. चार घास खाल्ले की पोट भरायचं, डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. ते आम्ही ॲसिडिटीच्या खात्यात टाकलं होतं. कंपनीच्या वार्षिक तपासणीत पांढऱ्या पेशी दोन लाखांवर आल्या. लॅबवाल्या मुलाला वाटलं मशीनच बिघडलंय, त्याने परत बोलावून रक्त घेतलं. आकडा तोच. सोनोग्राफीत प्लीहा जवळजवळ बेंबीपर्यंत आलेली.

रक्ताचा कॅन्सर म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे जे येतं त्यातलं काहीच पुढे झालं नाही. सलाइन नाही, केस गेले नाहीत, बोन मॅरो काढली ती फक्त तपासणीपुरती. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. चारशे मिलिग्रॅम, रोज एक, पोटभर जेवणानंतर, मोठा तांब्या पाण्यासोबत. आमच्या दिरांनी तिथेच विचारलं, “एवढ्यावर कॅन्सर जातो होय?” डॉक्टर म्हणाले, “जातो की नाही ते मी नंतर सांगतो, आधी ही चुकवू नका.”

पेशी महिनाभरात ताळ्यावर आल्या. खरी परीक्षा पीसीआरची, म्हणजे रक्तात बीसीआर-एबीएल किती उरलंय ते मोजणाऱ्या तपासणीची. तीन महिन्यांनी १० टक्क्यांच्या खाली, सहा महिन्यांनी १ च्या खाली, वर्षाने ०.१ च्या खाली, अशा पायऱ्या असतात. आमचा पहिला आकडा १४ आला. त्या रात्री घरात कुणी नीट जेवलं नाही. डॉक्टरांनी औषध बदललं नाही. गोळ्या वेळेवर घेता ना, सोबत आणखी काही चालू आहे का, एवढं विचारलं आणि थोड्या दिवसांनी तपासणी परत करायला सांगितली. सहाव्या महिन्याला ०.८. पुढे मुलाच्या दहावीच्या मार्कांना जेवढं धडधडलं नाही तेवढं या आकड्यांना धडधडायचं, फक्त इथे जेवढे कमी तेवढे चांगले.

त्रास झालाच नाही असं नाही. सकाळी डोळ्यांखाली पिशव्या यायच्या. रात्री पोटऱ्यांत असे गोळे यायचे की माणूस ओरडत उठायचा. पपनस बंद झालं (कोकणातून मामेसासरे पाठवायचे, शेजारी वाटून टाकली). आणि एक गंमत म्हणजे या गोळीने कातडीचा रंग उजळतो. लग्नकार्यात बायका नवऱ्याला विचारायच्या, “काय लावता हो चेहऱ्याला?” आम्ही ‘हळद’ सांगायचो. बहुतेकांना आजार माहीतच नव्हता.

२०२३ मध्ये डॉक्टरांनी स्वतःहून विषय काढला. तोवर गोळीला नऊ वर्षं झाली होती आणि पीसीआर कित्येक वर्षं सलग ०.०१ च्या खाली होता. त्यांनी समोर बसवून सांगितलं की बंद केल्यावर साधारण निम्म्या लोकांत आजार पुन्हा डोकं वर काढतो, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच, आणि तेव्हा गोळी लगेच सुरू केली की जवळजवळ सगळे पुन्हा ताब्यात येतात. अट एकच, पहिले सहा महिने दर महिन्याला पीसीआर. एकही चुकवायची नाही. नवऱ्याने आठवडाभर विचार केला. खरं सांगायचं तर मला ती गोळी बंद व्हायला नको होती. रात्री जेवणं झाल्यावर डबीचा आवाज आला की मला झोप लागायची.

हे वाचून कुणी घरच्या घरी गोळी सोडू नका, एवढ्यासाठी सगळं सविस्तर लिहिलंय. नऊ वर्षं ती चुकली नाही म्हणून हा दिवस आला. आता पेढे घ्या. प्रश्न असतील तर विचारा, जमेल तेवढी उत्तरं देते.

---

खारीबिस्किट | ६:२२

अभिनंदन अभिनंदन अभिनंदन! ‘हळद’ वाचून खुदकन हसले.

---

कृष्णाकाठ | ६:३१

ताई, डोळ्यात पाणी आलं. दादांना नमस्कार सांगा. सासूबाईंना जास्त सांगा.

---

पेशीवाला | ६:५८

फार छान बातमी, आणि नेमक्या दिवशी आली आहे. आज जागतिक सीएमएल दिन. २२ सप्टेंबर का, तर या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. नववा महिना, बावीस तारीख.

मी रक्तविकार विभागात काम करतो, म्हणून दोन ओळी जास्त लिहितो. १९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या रुग्णांच्या पेशींत एक नेहमीपेक्षा आखूड गुणसूत्र दिसलं. एका कॅन्सरशी नेहमी जोडलेला गुणसूत्रातला दोष असा पहिल्यांदाच सापडला होता. गावाच्या नावावरून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. हरवलेला तुकडा जातो कुठे, हे १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं. गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून त्या घरी जेवणाच्या टेबलावर मांडून बघत असत. त्या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल हे दोन जनुकांचे तुकडे चिकटतात आणि एक असं एन्झाइम तयार होतं जे थांबतच नाही, पेशींना ‘वाढा, वाढा’ असा निरोप देत राहतं. इमॅटिनिब त्या एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसतं, निरोप थांबतो. निरोगी पेशींचं काम फारसं अडत नाही, म्हणून केस जात नाहीत.

ब्रायन ड्रुकर यांनी १९९८ मध्ये ओरेगॉनमध्ये पहिल्या रुग्णांना ही गोळी द्यायला सुरुवात केली. रोज ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा मिळालेल्या ५४ पैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मल झालं. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत असे आकडे येत नाहीत. १० मे २००१ ला अमेरिकेत परवानगी मिळाली. पुढे दहा वर्षांहून अधिक पाठपुरावा झाला त्यात इमॅटिनिबवर सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्के लोक दहा वर्षांनी हयात होते. जे गेले त्यातले बरेच दुसऱ्याच कारणांनी गेले.

मिरजेची_लेक यांच्या डॉक्टरांनी १४ आल्यावर घाई केली नाही, हे मला फार आवडलं.

---

नुसताच_वाचक | ७:१५

पेशीवाले, मग हे औषध सगळ्याच ब्लड कॅन्सरला का देत नाहीत? माझ्या मित्राच्या मुलीला ल्युकेमियाच आहे, तिला केमो चालू आहे. हा धागा त्याला पाठवू का?

---

पेशीवाला | ७:२४

थांबा, थेट पाठवू नका. ल्युकेमिया अनेक आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळी. मुलांमध्ये बहुतेक वेळा एएलएल (अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया) असतो, त्याला केमोच लागते, आणि मुलांच्या एएलएलचे निकाल आज चांगले आहेत. एएलएलमध्येही थोड्या रुग्णांत हेच फिलाडेल्फिया गुणसूत्र सापडतं, मग केमोसोबत इमॅटिनिब किंवा त्याच्या जातीचं औषध देतात. ते त्यांच्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात तपासलेलं असणार. दमलेल्या बापाला ‘एका गोळीने होतं म्हणे’ असा मेसेज गेला तर काय वाटेल, विचार करा. डबा घेऊन जा त्यांच्याकडे.

---

नुसताच_वाचक | ७:२६

पटलं. डबाच नेतो.

---

बेळगावकर | ७:४०

आमच्या आईचीबी हीच गोष्ट हाय, पण शेवट थोडा निराळा. म्हणून लिवतो, कुणाला उपयोग झाला तर बघा.

आईची गोळी तीन वर्षांखाली थांबवली. डॉक्टर चांगले, सगळं रीतसर. दोन महिने सांधे धरले. खांदे, मनगटं, कंबर, उठताना बसताना ‘आई गं’. आम्हाला वाटलं झालं, आलाच आजार परत. डॉक्टर म्हणाले गोळी सोडल्यावर काही जणांना असं दुखतंय, त्याचा कॅन्सरशी संबंध नाही, हळूहळू जातंय. पॅरासिटामॉलवर भागलं. तिसऱ्या महिन्यापर्यंत पीसीआर शून्य. चौथ्याला ०.०४, पाचव्याला ०.३. गोळी परत चालू.

तुम्हाला सांगतो, आईपेक्षा आम्ही भावंडं जास्त खचलो. आई काय म्हणाली म्हायतीय? “सुट्टी झाली की रे, आता परत कामावर.” तीन-चार महिन्यांत आकडा होता तिथे आला. आज आई तुळशीला पाणी घालून गल्लीत भांडायला मोकळी. गोळी चालू हाय, चालू दे.

तवा ज्यांची गोळी परत सुरू करावी लागली त्यांनी नापास झाल्यागत वाटून घेऊ नये, एवढंच.

---

मिरजेची_लेक | ७:५२

बेळगावकर दादा, हे तुम्ही लिहिलंत फार बरं केलंत. आईंना माझा दंडवत. आमच्याकडेही खांदेदुखी होती, मी ती मुद्दाम लिहिली नव्हती, घाबरतील म्हणून.

---

पेशीवाला | ८:०५

बेळगावकरांच्या आईंसारखे साधारण निम्मे असतात. फ्रान्समधला पहिला मोठा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात किमान दोन वर्षं पीसीआर कोरा असलेल्या शंभर जणांची गोळी थांबवली होती. वर्षभर पाठपुरावा झालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्के गोळीविना राहिले. नंतर युरोपात साडेसातशेच्या वर रुग्णांचा अभ्यास झाला. सहा महिन्यांनी ६१ टक्के आणि दोन वर्षांनी ५० टक्के लोकांत आजार परतला नव्हता. परतण्याची बहुतेक प्रकरणं पहिल्या सहा महिन्यांत उरकतात हे या दोन आकड्यांवरूनच दिसतं. दोन वर्षं पार झाली म्हणजे मिरजेच्या मंडळींनी मोठा घाट चढलाय, पण दर तीन महिन्यांची तपासणी सुटत नाही. ०.१ च्या वर गेलं तर गोळी सुरू करायची, ही सीमारेषा.

---

हिरवागार_निसर्ग | ८:३०

अभिनंदन. पण नऊ वर्षं रसायन पोटात घालण्यापेक्षा गव्हांकुर आणि गुळवेलीचा काढा घेतला असता तर हेच झालं असतं. माझ्या ओळखीत एकाचा कॅन्सर सहा महिन्यांत गेला. डॉक्टर लोक सांगणार नाहीत.

---

चहाबाज | ८:३३

आलेच!

---

पेशीवाला | ८:५१

हिरवागार_निसर्ग, तुमच्या ओळखीतल्या गृहस्थांचा बीसीआर-एबीएल आधी किती होता आणि नंतर किती, हे कळलं तर मी खरंच वाचेन. या आजारात बरं वाटतंय यावर काही ठरत नाही, आकड्यावर ठरतं. सीएमएलचा रुग्ण पहिल्या टप्प्यात औषधाशिवायही बराच काळ ठीक दिसतो, त्यामुळे त्या काळात जो काही काढा चालू असेल त्याला श्रेय मिळतं. मग एक दिवस आजार पुढच्या टप्प्यात जातो आणि माणूस आमच्याकडे येतो, तेव्हा गोळी तेवढं काम करू शकत नाही. अशी माणसं मी पाहिली आहेत.

गुळवेलीबद्दल सांगायचं तर २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी ती घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वाद झाला. वाद बाजूला ठेवला तरी इमॅटिनिब यकृतातूनच जातं, त्यामुळे सोबत काय घेता ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. काढा घेता म्हणून कुणी रागावणार नाही. लपवलात तर मात्र औषध का चालत नाही हे शोधण्यात महिने जातात.

---

मिरजेची_लेक | ९:०५

आमच्याकडे गव्हांकुराचा रस आला होता, चुलतसासऱ्यांनी डबाभरून. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, “चव आवडते का? नाही ना? मग सोडा.” विषय संपला.

---

रातराणी२ | ९:४४

मी बरेच दिवस इथे लिहीत नाही, पण आज राहवलं नाही.

माझे बाबा १९९६ मध्ये याच आजाराने गेले. हीच प्लीहा, हीच पांढऱ्या पेशींची गणती. तेव्हा हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल होत्या, पेशी खाली यायच्या आणि सगळे म्हणायचे, बघा सुधारतंय. इंटरफेरॉनची इंजेक्शनं परवडली तेवढी घेतली, प्रत्येक वेळी थंडी वाजून ताप. बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी आत्याचं रक्त जुळलं नाही, काकांचं जुळलं नाही. साडेतीन वर्षांनी आजाराने अचानक रूप बदललं आणि पंधरवड्यात सगळं संपलं.

वाचून आनंद झाला. रागही आला, तुमच्यावर नाही. पाच वर्षांचा फरक होता हो फक्त. पाच वर्षं. तुमच्या मिस्टरांना खूप आयुष्य लाभो.

---

मिरजेची_लेक | ९:५०

रातराणी, काय लिहू कळत नाही. आला असेल राग तर येऊ दे. बाबांबद्दल लिहावंसं वाटलं तर इथेच लिही, धागा माझा आहे, कुणी विषयांतर म्हणणार नाही.

---

निवृत्त_मास्तर | १०:१२

रातराणीताईंच्या दुःखाविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. मात्र २००१ मध्ये गोळी आली म्हणजे ती सर्वांच्या हाती आली असे झाले नाही, हे नव्या पिढीला ठाऊक असावे.

मूळ कंपनीच्या गोळीचा खर्च आपल्याकडे महिन्याला सुमारे सव्वा लाखाच्या घरात होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत. मूळ कंपनीने एकस्व, म्हणजे पेटंट, मागितले. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने त्याला हरकत घेतली. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. प्रकरण वर चढत गेले आणि १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जुन्या पदार्थाचे केवळ नवे स्फटिकरूप काढले आणि त्याने उपचारातील गुण वाढला हे दाखवता आले नाही, तर कायद्याच्या कलम ३(ड) नुसार पेटंट मिळणार नाही. न्याय्य बाजूने हेही नोंदवतो की त्याच कंपनीने मॅक्स फाउंडेशनमार्फत हजारो भारतीय रुग्णांना ही गोळी विनामूल्य दिली होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

म्हणजे आपल्या मिरजेच्या जावईबापूंचे निदान निकालानंतरच्या वर्षी झाले. गोळी स्वस्त मिळाली ती अशी.

---

मिरजेची_लेक | १०:२०

मास्तर, हे मला माहीतच नव्हतं! आम्ही औषधाच्या दुकानात नुसते पैसे मोजत होतो. (आणि जावई नाही हो, मी मिरजेची लेक, तो सांगलीचा. सहा मैलांवर दिली मला.)

---

दूरदेशी | २३ सप्टेंबर, पहाटे ३:३७

न्यू जर्सीहून लिहितेय, इथे संध्याकाळ आहे. मला स्वतःला सीएमएल आहे, डॅसॅटिनिब या इमॅटिनिबच्याच जातीच्या नव्या गोळीवर. इमॅटिनिब सोसलं नाही, उलट्या थांबेनात. डॅसॅटिनिबने फुप्फुसाभोवती पाणी झालं, मात्रा कमी केली, आता बरं आहे. नव्या पिढीची औषधं लवकर खोल उतरवतात, पण प्रत्येकाचं काही ना काही असतं. नायलोटिनिब तर उपाशीपोटी घ्यावं लागतं, सकाळ-संध्याकाळ घड्याळ लावून.

मला वेगळंच सांगायचंय. मुलींना आणि बायकांना हे कुणी मोकळेपणी सांगत नाही. या गोळ्या चालू असताना दिवस राहू देऊ नयेत, गर्भाला धोका असतो. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून आखणी करावी लागते. पीसीआर पुरेसा खोल गेला असेल तर थांबवून बघतात, मध्ये गरज पडली तर इंटरफेरॉन देतात. माझी लेक अशीच झाली. ती झाल्यावर आकडा चढला, गोळी परत सुरू. ती आता पाच वर्षांची आहे आणि मराठी शाळेत रविवारी दंगा करते.

---

खारीबिस्किट | ७:०२

दूरदेशी, तुमचीपण पार्टी राहिली. वेगळा धागा काढा!

---

विदर्भाचा_ठेचा | ८:१८

ताई, अभिनंदन. मी नागपूरचा. मोठ्या अडचणीत आहे म्हणून विचारतो, राग मानू नका.

लहान भावाला सीएमएल आहे. वय एकतीस. चार वर्षं झाली गोळीला. मागच्या वर्षीपासून पीसीआर ०.०२, ०.०१ असा येऊन राहिला. आता त्याचं लग्न जुळतंय, मुलगी पसंत आहे, बैठक दिवाळीनंतर. हा म्हणते, “भाऊ, मी आता ठीक आहे, गोळी सोडतो, लग्नाच्या घरात डबी कोण लपवत बसन.” काल हा धागा मीच त्याला दाखवला, तर म्हणते, “बघ, सोडता येते.” आता काय करू? आणि मुलीकडच्यांना सांगायचं का? आई म्हणते अजिबात नाही सांगायचं.

---

पेशीवाला | ८:४०

नाही. सोडायची नाही. धागा पुन्हा वाचायला सांगा त्याला.

०.०२ म्हणजे तो अजून त्या पायरीवर पोचलेला नाही. किमान तीन वर्षं औषध आणि किमान दोन वर्षं सलग ०.०१ किंवा त्याखाली, यापेक्षा कमीवर कुणी जाणता डॉक्टर थांबवणार नाही. बरेच जण पाच वर्षं औषध झाल्याशिवाय विचारच करत नाहीत. मधूनमधून सोडणं तर त्याहून वाईट. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातला २०१० चा एक अभ्यास मी प्रत्येक तरुण रुग्णाला सांगतो. डबीच्या झाकणात बारीक चिप बसवून कोण खरोखर किती गोळ्या घेतं ते मोजलं होतं. ९० टक्क्यांपेक्षा जास्त घेणाऱ्यांत सहा वर्षांत ०.१ च्या खाली पोचण्याची शक्यता ९४ टक्के होती. त्याहून कमी घेणाऱ्यांत ती २८ टक्के. ९० टक्के म्हणजे महिन्यात तीन गोळ्या चुकल्या, बस्स.

मुलांबद्दलची भीती असेल तर ऐका. पुरुष इमॅटिनिबवर असताना झालेल्या मुलांबाबतची आजवरची माहिती दिलासा देणारी आहे. तरी त्याच्या डॉक्टरांना एकदा विचारा.

---

कृष्णाकाठ | ९:०६

सांगण्याबद्दल मी बोलते. मुलीकडच्यांना सांगाच. बैठकीत वीस माणसांसमोर नको, आधी दोघांना भेटू द्या, तो तिला स्वतः सांगेल. नंतर कळलं तर आजाराचं दुःख एक आणि फसवलं याचं दुसरं. माझ्या बहिणीच्या बाबतीत दुसरंच जास्त टिकलं.

---

चहाबाज | ९:१५

+१. आणि ती नाही म्हणाली तर नाही म्हणाली. निदान लग्नानंतर गच्चीवर जाऊन गोळ्या खाव्या लागणार नाहीत.

---

बेळगावकर | ९:३२

ठेचा भाऊ, ताईंच्या मिस्टरांनी नऊ वर्षं लग्नकार्यात हळद म्हणून भागवलं, तेबी बायकोला म्हायती असल्यामुळं. बायकोपासून लपवून नऊ वर्षं? आमच्या आईसारखी भेटली तर पहिल्या आठवड्यात डबी हुडकून काढंल.

---

निवृत्त_मास्तर | १०:००

प्रवासाविषयी एक उपयुक्त माहिती. उपचारासाठी वा तपासणीसाठी रेल्वेने जाणाऱ्या कॅन्सर रुग्णास स्लीपर आणि थ्री-एसीमध्ये पूर्ण सवलत असते, सोबतच्या व्यक्तीला त्याच वर्गांत ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र भरून घ्यावे लागते. पुष्कळांना हे माहीत नसते आणि दर तीन महिन्यांनी ते पूर्ण भाडे भरतात.

---

रातराणी२ | ११:२०

ठेचा, तुमच्या भावाला माझं नाव सांगा. म्हणावं, एक बाई आहे, तिच्या बाबांना ही गोळी मिळाली नाही. डबी लपवायची लाज वाटते तर माझ्याशी बोल. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

---

विदर्भाचा_ठेचा | २६ सप्टेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. रातराणीताई त्याच्याशी पाऊण तास बोलल्या. काय बोलल्या ते ना त्यानं सांगितलं ना मी विचारलं. त्यानं मला एवढंच कबूल केलं का मागच्या महिन्यात चार-पाच गोळ्या सोडून पाहिल्या होत्या. परवापासून परत रोज चालू. डॉक्टरांकडे सोमवारी जातो आहे, त्यांनी पीसीआर लगेच करायला लावला. मुलीला रविवारी भेटून सांगणार आहे. आईला अजून हे माहीत नाही. ते एक वेगळंच महाभारत राहील.

ताई, एक विचारायचं होतं. आमच्या इथली लॅब सॅम्पल बाहेर पाठवते. मागच्या वेळी दुसऱ्याच लॅबला गेलं होतं आणि आकडा थोडा वेगळा आला. काय करावं?

---

मिरजेची_लेक | ९:१५

तो बोलला हेच किती मोठं झालं! रविवारचं कळवा.

लॅब शक्यतो तीच ठेवा, बदलू नका. रिपोर्टवर आकडा ‘आयएस’ म्हणजे इंटरनॅशनल स्केलवर आहे ना ते बघा, नसेल तर विचारून घ्या, नाहीतर दोन आकड्यांची तुलना होत नाही. आणि सॅम्पल शुक्रवार-शनिवारी देऊ नका. ते रविवारभर कुरिअरमध्ये पडून राहिलं की आतलं आरएनए खराब होतं, रिपोर्टवर ‘सॅम्पल अयोग्य’ येतं आणि परत सुई. सोमवार ते बुधवार, सकाळी लवकर. पाठवणाऱ्या मुलाला विचारा, आजच निघेल का. तो ‘हो’ म्हणाला तरी संध्याकाळी एकदा फोन करा.